प्रश्न तिसरा, उपप्रश्न ब

फैजपूरची शाळा, आठवी क, सहामाही.
प्रश्न मीच काढलेला:
विरुद्धार्थी इंग्रजी क्रियापदे लिहा. गुण पाच.
त्रेसष्ट पेपरांचा गठ्ठा
जेवणाच्या टेबलावर, भरताच्या रिकाम्या वाटीशेजारी.
सव्वाबाराला थ्री-फेज आली,
शेतांतल्या मोटारी एकामागून एक
घशातल्या घशात बोलू लागल्या.

कॅच.
माझ्या नमुना उत्तरात थ्रो आहे.
तेजल भारंबे लिहिते, एस्केप.
ती कबड्डीत डाव्या कोपऱ्यात असते,
हातातून घोटा निसटला की काय होतं
ते तिला विचारा.
दुरसिंग पावरा लिहितो, मिस.
तो पालहून येतो, पहाटेची एसटी चुकली
तर त्याची शाळा त्या दिवशी भरतच नाही.
शाहिस्ता तडवीच्या मामाला फॉरेस्टवाल्यांनी
मोळीसकट पकडलं होतं गेल्या महिन्यात.
तिनं लिहिलंय, सोडलं.
मराठीतच. इंग्रजी शब्द आला नसेल,
किंवा आला असेल आणि पुरला नसेल.
शेवटच्या बाकावरच्या एकाला पेपराच्या दिवशी ताप होता.
त्यानं लिहिलं, गेट वेल.
सातआठ जणांनी थ्रो लिहिलं, गाइडातलं.
त्यांना बरोबरची खूण करताना
हात उगाच जड झाला.

रन.
वॉक, स्टॉप, सिट, ज्याला जे सुचलं ते.
आणि ललित फेगडेनं, ठाम अक्षरात, बर्न.
मी एकटीच मोठ्यानं हसले.
मग कान दिला.
बाहेर दहाबारा मोटारी चालत होत्या,
आणि आमच्याकडे मोटार चालते
नाहीतर जळते.
अर्धा गुण दिला.
अर्ध्या गुणात वाइंडिंग भरून मिळत नाही, पण असू दे.

कट.
मला जॉइन हवं होतं.
एकीनं वेट लिहिलंय.
घड तयार, व्यापारी उद्या येतो म्हणाला,
परवा येतो म्हणाला,
झाडावरची फणी झाडावरच पिवळी झाली.
कापण्याच्या उलट
वाट बघणं.
खाडाखोड नाही, शंका नाही.

गो.
इथे वर्गात एकमत. कम, कम, कम.
पेन भराभर चाललं,
आणि एकतिसाव्या पेपरावर, काही कारण नसताना, थांबलं.

आमचा हेमू सुरतेला निघाला
तेव्हा उंबऱ्यात चपला घालत म्हणाला, येतो.
असंच म्हणतात.
आणि गेला.
अकरा वर्षांत दोनदा आखाजीला आला.
आईला साडी, माझ्या पोराला दिवे लागणारे बूट,
रस, पुरणपोळी, दुपारची झोप,
आणि या खेपेला मोबाइलात वेळ बघत म्हणाला,
चला, जातो.
आई ओट्यावरून ओरडली,
जातो नको म्हनू रे, येतो म्हन!
तो हसला. तेच ते गं, म्हणाला.

तेच ते नाही, हेमू.
उलटंही नाही.
प्रश्न काढायला मला दहा मिनिटं लागली होती,
याचं नमुना उत्तर काढता येत नाहीये.
संध्याकाळची पॅसेंजर पकडायची होती त्याला.
त्यानं पकडली.
आम्ही सगळे अंगणात उभे होतो, हात मोकळे,
आणि तेजलचा शब्द
मला तेव्हा ठाऊक नव्हता.

साडेचारला लाइट गेली.
मोटारी थांबल्या. जळली एकही नाही.
मेणबत्तीच्या उजेडात ललितचा पेपर पुन्हा काढला,
अर्धा गुण खोडला.
मग बाजूला
पुन्हा लिहिला.